अर्धे तिकीट आहे, गाडी कुठे आहे?

महिलांना आणि ज्येष्ठांना दिलेल्या सवलतींमुळे एसटीला रोज तीन कोटी रुपयांचा तोटा होतो, असे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हणाले आणि ठरल्यासारखा गदारोळ झाला. एका बाजूने फुकटेगिरीचा उद्धार सुरू झाला, दुसऱ्या बाजूने हा बायाबापड्यांचा अपमान आहे म्हणून आवाज उठला. सवलत बंद होणार नाही असा खुलासा सरकारने केला आणि दोन्ही बाजू गप्प झाल्या. त्याच्या महिनाभर आधी, २५ जानेवारीला, १४.९५ टक्के भाडेवाढ झाली होती, तेव्हाही वाद याच रुळावरून गेला होता: तिकीट कोणी किती भरायचे? गाडी येते का, दिवसातून किती वेळा येते, संध्याकाळी परतायला शेवटची कितीला आहे, हे कोणी विचारले नाही. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. साध्या गाडीतली सवलत टिकली पाहिजे. पण सरकारने एसटीकडून नुसती तिकिटे विकत घेणे थांबवून फेऱ्या विकत घ्यायला सुरुवात केली पाहिजे. ते होत नाही तोवर सवलतीच्या बाजूचे आणि विरोधातले दोघेही चुकीच्या आकड्यावर भांडत राहणार.

आधी हे पैसे फिरतात कसे ते पाहू. अर्ध्या तिकिटात बसलेल्या बाईच्या नावावर वाहकाच्या मशीनमध्ये सवलतीची नोंद होते. अशा सगळ्या नोंदींची बेरीज करून एसटी ती रक्कम राज्य सरकारकडे मागते. त्याला प्रतिपूर्ती म्हणतात. म्हणजे कागदावर तिकीट पूर्णच असते. निम्मे पैसे प्रवासी देतो आणि निम्मे सरकार देणार असते. सरकारने ते वेळेवर दिले तर सवलतीमुळे तोटा व्हायचे कारणच उरत नाही, उलट रिकाम्या बाकावर माणूस बसतो आणि उत्पन्न वाढते. तोटा होतो तो ही रक्कम अडकते तेव्हा. एप्रिल २०२५ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांच्या हातात मार्चचा पगार फक्त ५६ टक्के पडला. सरकारकडून सवलतींची रक्कम पुरेशी आली नव्हती, हे त्यामागचे कारण होते. ज्याच्याकडून येणे आहे त्यानेच थकवायचे आणि मग ज्या बाईला सवलत दिली तिच्याकडे बोट दाखवायचे, हा कुठला हिशेब?

इथपर्यंत सवलतीचे समर्थक माझ्याशी सहमत होतील. पुढचे त्यांना ऐकवायचे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना मोफत प्रवास मिळाला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. त्याच काळात ताफ्याचे काय झाले? कोविडच्या आधी एसटीकडे सुमारे १८ हजार गाड्या होत्या. नंतर हा आकडा १५ हजारांच्या आसपास आला, आणि त्यांतल्याही कितीतरी गाड्या आयुष्य संपत आलेल्या होत्या. म्हणजे हक्क वाढत गेले आणि ज्यावर ते बजावायचे त्या गाड्या घटत गेल्या. सवलत मिळते ती गाडीत बसलेल्या माणसाला. जिल्ह्याच्या गावाहून तालुक्याला जाणाऱ्या रस्त्यावर अर्ध्या तासाला गाडी आहे, तिथल्या बाईला खरोखर फायदा झाला आणि तो मोठा आहे. फाट्यावरून चार-पाच किलोमीटर आत असलेल्या वस्तीवर जिथे सकाळची फेरी बंद पडली, तिथल्या बाईला या योजनेने काय दिले? ती वडापमध्ये, म्हणजे खासगी जीपमध्ये, पूर्ण पैसे देऊन, तेही दाटीवाटीने, तालुक्याला जाते. तिच्यासाठी सरकारच्या तिजोरीतून एक रुपयाही निघत नाही, कारण तिच्या नावाची नोंद कुठल्याच मशीनमध्ये होत नाही.

प्रतिपूर्तीची ही पद्धत एसटीला नकळत एका दिशेला ढकलते. पैसे तिकिटामागे मिळणार असतील तर गाडी तिथेच पळवायची जिथे तिकिटे जास्त फाटतात. आगार व्यवस्थापकाने असे केले तर त्याला दोष देता येणार नाही. त्याच्याकडे वीस गाड्यांचे काम आणि रस्त्यावर उतरवण्याजोग्या सोळा गाड्या असतील, तर कोणत्या चार नियतांवर, म्हणजे गाडीला नेमून दिलेल्या फेऱ्यांवर, काट मारायची हे त्याला रोज सकाळी ठरवावे लागते. भारमान, म्हणजे गाडी किती भरते, ते पाहून तो ठरवतो. कमी भारमानाची गाडी म्हणजे जवळजवळ नेहमीच आतल्या गावाची गाडी. आणि फेरी रद्द झाली की त्या दिवसाचा तोटा कमी झालेला दिसतो. ती रद्द झाल्यामुळे कोणाचे काय बुडाले हे कुठल्याही रकान्यात येत नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी आगारातून निघून शेवटच्या गावाला जायचे, चालक-वाहकांनी तिथेच देवळात, शाळेच्या ओसरीवर नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत रात्र काढायची आणि पहाटे गावातून माणसे भरून तालुक्याला यायचे, ही रीत एसटीने गावोगाव रुजवली. हिशेबनिसाच्या नजरेने ती फार महाग आहे. गाडी रात्रभर उभी राहते, दोन माणसांना मुक्कामाचा भत्ता द्यावा लागतो आणि संध्याकाळची फेरी अर्धी रिकामी जाते. पण त्या गाडीमुळेच गावाचा दिवस सुरू होतो. अकरावी-बारावीची मुले त्यातून ज्युनिअर कॉलेजला जातात, म्हातारी माणसे सरकारी दवाखान्याच्या रांगेत वेळेत पोहोचतात, भाजीची पाटी बाजाराला जाते, दाखल्यासाठी तहसिलात गेलेला माणूस त्याच दिवशी घरी येतो. गावातल्या मुलींना शाळेसाठी मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना कित्येक वर्षे चालू आहे आणि तिने फार मोठे काम केले आहे. पण पास म्हणजे गाडी असेल तर बसायची परवानगी. मुक्कामी गाडी बंद झाली की पास दप्तरात राहतो आणि मुलगी घरी राहते. तिच्या आईवडिलांना शिक्षणाची हौस नव्हती, असे नंतर सर्वेक्षणात लिहिले जाते.

आता विरोधातल्या मुद्द्यांकडे येतो. त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत आणि एसटीवर प्रेम आहे म्हणून ते बाजूला सारणे बरोबर नाही.

पहिला मुद्दा दुचाकीचा. घरटी मोटारसायकल आली, आता गावच्या गाडीत बसतो कोण, असे विचारले जाते. हे खरे आहे. वीस वर्षांपूर्वी ज्या गाडीत उभे राहायला जागा नव्हती तिच्यात आज पंधरा माणसे असतात आणि त्यामागे केवळ एसटीचा नाकर्तेपणा नाही. लोकांच्या हातात पैसा आला, रस्ते झाले, हप्त्याने गाडी मिळू लागली. पण घरटी एक मोटारसायकल असली तरी घरात माणसे पाच असतात. ती एक गाडी सकाळी कोण घेऊन जातो? बहुधा कर्ता पुरुष किंवा मोठा मुलगा. सासू, सून, शाळकरी मुलगी, आजारी म्हातारा यांच्या वाट्याला ती येत नाही. आलीच तर कोणाच्या तरी सवडीने, कोणाच्या तरी पाठीमागे बसून. प्रवासी घटले म्हणून फेरी कमी केली, फेरी कमी झाली म्हणून आणखी एकाने कर्ज काढून दुचाकी घेतली, म्हणून प्रवासी आणखी घटले, असे हे चक्र आहे. त्याच्या शेवटी उरतात त्या पंधरा जणांना दुसरा इलाजच नसतो. तेव्हा भारमान कमी आहे याचा अर्थ गरज कमी आहे असा लावणे घातक आहे. बऱ्याचदा उरलेल्या माणसांची गरज सर्वांत निकडीची असते.

दुसरा मुद्दा सरसकट सवलतीचा. दादर-पुणे शिवनेरीत बसणाऱ्या, महिना लाखभर पगार असलेल्या बाईला अर्ध्या पैशांत वातानुकूलित प्रवास का द्यायचा? या प्रश्नाला माझ्याकडे समर्थनाचे उत्तर नाही, कारण असा खर्च समर्थनीय नाहीच. शेजाऱ्यांनी इथे अधिक विचार केलेला दिसतो. तमिळनाडूने मे २०२१ मध्ये महिलांना मोफत प्रवास दिला तो साध्या शहर-बसमध्ये. कर्नाटकाची शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली. तिथेही तिकीट पूर्ण माफ आहे, पण आरामदायी आणि वातानुकूलित गाड्या वगळल्या आहेत. आपण मात्र शिवनेरीपासून लालपरीपर्यंत सगळीकडे निम्मे केले. सवलत गाडीच्या प्रकाराला बांधली की उत्पन्नाचा दाखला, कार्ड, पडताळणी असली कुठलीच कटकट लागत नाही. ज्याला साध्या गाडीत बसायची गरज आहे तोच तिच्यात बसतो. शिवनेरीतली सवलत काढावी आणि वाचलेला प्रत्येक रुपया साध्या गाडीच्या फेऱ्यांवर घालावा, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

तिसरा मुद्दा कारभाराचा. संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला आहे, हे सरकारनेच जून २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सांगितले. गाड्या वाटेत बंद पडतात, काचा पावसात गळतात, स्थानकांतली स्वच्छतागृहे पाहवत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही गाडीत एका तरुणीवर बलात्कार झाल्याची घटना घडली आणि राज्यातल्या सर्वांत गजबजलेल्या स्थानकांपैकी एकात पहाटे बाईमाणूस सुरक्षित नाही, हे सगळ्यांना दिसले. महिलांच्या सवलतीच्या योजनेच्या नावातच ‘सन्मान’ शब्द वापरणाऱ्या सरकारला स्थानकात दिवे, पहारा आणि बंद कुलपे देता आली नाहीत, याबद्दल कितीही बोलले तरी कमीच आहे. अशा संस्थेत आणखी पैसा कशाला ओतायचा, हा प्रश्न मग साहजिक येतो.

पण हा तोटा कशाचा झाला आहे ते सुटे करून पाहायला हवे. ज्या १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली एसटी चालते, त्याने महामंडळावर दोन जबाबदाऱ्या एकदमच टाकल्या आहेत. कलम १८ सांगते की पुरेशी, कार्यक्षम आणि परवडणारी सेवा द्या. कलम २२ सांगते की व्यापारी तत्त्वांवर चाला. वीस घरांच्या वाडीला पुरेशी सेवा देणे आणि व्यापारी तत्त्व पाळणे ही दोन्ही एकाच गाडीने कशी करायची? जुन्या लोकांनी यावर एक तोड काढली होती: भरगच्च मार्गांवरच्या कमाईतून ओस मार्गांची तूट भरून काढायची. ही युक्ती एसटीपेक्षा फार जुनी आहे. १८५४ साली हिंदुस्थानात टपालाचा एकच दर ठरला आणि अर्ध्या आण्यात पत्र कुठेही जाऊ लागले. मुंबईतल्या मुंबईत गेलेल्या पत्राने खानदेशातल्या पाड्यावर गेलेल्या पत्राचा खर्च उचलला. देशभर टपाल पोहोचले ते या हिशेबावर.

एसटीचा हा हिशेब कोणी मोडला? पुणे-नागपूर, मुंबई-कोल्हापूर, पुणे-नांदेड अशा रात्रीच्या मार्गांवर ज्या खासगी ट्रॅव्हल्स धावतात, त्यांच्याकडे परवाना असतो तो कंत्राटी वाहतुकीचा. एका गटाने पूर्ण गाडी ठरवायची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत जायचे, वाटेत प्रवासी घ्यायचे नाहीत, असा तो परवाना. टप्प्याटप्प्याने प्रवासी घेण्याचा परवाना वेगळा आहे. प्रत्यक्षात सुट्ट्या तिकिटांची विक्री उघडपणे होते, चौकाचौकात गाडी थांबते आणि दिवाळीत भाडे तिप्पट होते. या गाड्या वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. झोपून जायची सोय, वेळ, घराजवळचा थांबा या बाबतीत त्यांनी एसटीला मागे टाकले हे मान्य केले पाहिजे. पण त्यांना शेवटच्या वाडीला जायची सक्ती नाही. दूध त्यांनी घेतले, ताक एसटीकडे राहिले. त्यावर राज्य सरकारने वर्षानुवर्षे एसटीच्या तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर वसूल केला. एकीकडे जमा करून घ्यायचे, दुसरीकडे प्रतिपूर्ती थकवायची आणि मधे जी रक्कम पडते तिला एसटीची अकार्यक्षमता म्हणायचे, हे न्यायाचे नाही. अकार्यक्षमता आहेच, पण ती नेमकी किती हे कळायला आधी सरकारने लादलेल्या सेवेची किंमत वेगळी काढायला हवी आणि ती कोणीच काढत नाही.

मग सगळेच खासगीकडे द्या, असे म्हणणाऱ्यांना मी इतिहासाकडे बघायला सांगेन. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली तेव्हा मुंबई राज्यात खासगी गाड्या नव्हत्या असे नाही. भरपूर होत्या. गाडी भरेपर्यंत सुटायची नाही, भरली की टपापर्यंत माणसे कोंबायची आणि आडगावाला कोणी फिरकायचे नाही, अशी ती वाहतूक होती. राष्ट्रीयीकरण झाले ते याचा कंटाळा येऊन. इंग्लंडने उलटा प्रयोग केला. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने केलेल्या १९८५ च्या कायद्याने ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेरची बससेवा खुल्या स्पर्धेला सोडली. लंडनमध्ये मार्ग, वेळापत्रक आणि भाडे ठरवण्याचा अधिकार सार्वजनिक संस्थेकडेच राहिला. पुढच्या तीनेक दशकांत लंडनचे बसप्रवासी जवळपास दुप्पट झाले आणि बाकीच्या मोठ्या इंग्लिश महानगर-क्षेत्रांत ते निम्म्याच्याही खाली आले. लंडनची स्थिती वेगळी होती, तिथे मोटार वापरणे महाग होते, हे लक्षात घेतले तरी एवढी तफावत त्यातून निघत नाही. बाहेर कंपन्यांची गर्दी झाली ती वर्दळीच्या रस्त्यांवर. रात्रीच्या आणि रविवारच्या फेऱ्या नगरपालिकांनी पैसे दिले तरच राहिल्या. शेवटी मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने सगळी बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली घेतली. तिथे गाड्या चालवतात खासगी कंपन्याच, पण कुठे, कधी आणि किती भाड्यात धावायचे हे प्राधिकरण ठरवते.

इतक्या दूर जायचे नसेल तर अमरावतीहून उत्तरेला सातपुडा ओलांडा. मध्य प्रदेशाने २००५ साली आपले परिवहन महामंडळ तोट्याचे कारण देऊन गुंडाळायचे ठरवले आणि वाहतूक खासगी मालकांच्या हाती गेली. मोठ्या शहरांदरम्यान चकचकीत गाड्या आल्या. खेड्यांचे काय झाले याचे उत्तर त्याच सरकारने दिले: एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने सरकारी देखरेखीखालच्या नव्या बससेवेला मंजुरी दिली आणि त्यात ग्रामीण मार्गांचा समावेश केला. जे मोडले ते वीस वर्षांनी पुन्हा उभे करायची वेळ आली.

आपल्याकडेही अशी एक चाचणी होऊन गेली आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. राज्यभर लालपरी जवळजवळ थांबली. बाजार ही पोकळी भरून काढतो असे म्हणतात, तर साडेपाच महिने बाजाराला मोकळे रान होते. मोठ्या रस्त्यांवर ट्रॅव्हल्स आणि काळ्या-पिवळ्या लागल्या, भाडी वाढली, पैसे देणाऱ्यांची सोय झाली. आतल्या गावांत मुले चालत शाळेला गेली किंवा गेलीच नाहीत. त्या संपातली मुख्य मागणी होती महामंडळाच्या राज्य सरकारात विलीनीकरणाची. कर्मचाऱ्यांचे हाल खरे होते. अपुऱ्या आणि अनियमित पगारावर त्यांनी वर्षानुवर्षे घाटातल्या रात्री काढल्या होत्या. पण तेव्हाची चर्चाही मालक कोण यापाशीच अडकली. मालक सरकार झाले म्हणून आडगावची फेरी आपोआप सुरू होत नाही. सरकारी शाळेत शिक्षक नसतो, सरकारी दवाखान्यात डॉक्टर नसतो, हे आपण पाहतोच. प्रश्न असा विचारायला हवा होता: सेवा मागवतो कोण, आणि मागवली तशी मिळाली का, हे मोजतो कोण?

स्वित्झर्लंडमध्ये याची एक सरळ पद्धत आहे. किमान शंभर लोकवस्तीच्या गावाला सार्वजनिक वाहतुकीने जोडण्यासाठी तिथले संघराज्य आणि प्रांत मिळून पैसे देतात. ते फेऱ्यांची आधीच मागणी नोंदवतात. चालवणारी संस्था सांगते की या फेऱ्यांना इतका खर्च येईल, तिकिटातून इतके मिळतील, फरक इतका. तो फरक सरकार करार करून देते. वर्षाअखेरीस ‘तोटा झाला’ म्हणून कोणी कपाळावर हात मारत नाही, कारण ती रक्कम म्हणजे विकत घेतलेल्या सेवेची किंमत असते. तो देश श्रीमंत आहे आणि आपण तितके नाही, हे मला कळते. पण पैसा किती आहे यावरून फेऱ्या किती हे ठरेल. मागणी नोंदवायची की नाही हे ठरत नाही. आपल्याला शंभर वस्तीपर्यंत जाणे परवडत नसेल तर पाचशेवर सुरुवात करा. दिवसाला सहा फेऱ्या देता येत नसतील तर तीन द्या, पण त्या कोणत्या ते ठरवून द्या: शाळा-कॉलेजच्या वेळेला जाणारी एक, दुपारची एक, आणि संध्याकाळी शेवटचा तास सुटल्यानंतर निघणारी एक. तालुकावार यादी करा, प्रत्येक फेरीचा किलोमीटरमागचा खर्च काढा, अपेक्षित उत्पन्न वजा करा आणि उरलेली रक्कम राज्याच्या अर्थसंकल्पात एसटीच्या नावाने नव्हे तर त्या फेऱ्यांच्या नावाने मांडा. महिलांची आणि ज्येष्ठांची सवलत या हिशेबातच बसते. तिच्यासाठी वेगळे बिल पाठवून महिनोन्‌महिने वाट पाहायची गरज उरत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. किलोमीटरमागे पैसे दिले की रिकाम्या गाड्या पळवून किलोमीटर भरले जातील, हा पहिला. तो गंभीर आहे. मुंबईत बेस्टने भाडेतत्त्वावर गाड्या घेतल्या, चालक कंत्राटदाराचे, मोबदला किलोमीटरमागे. त्यातले काही कंत्राटदार परवडत नाही म्हणून मधूनच निघून गेले आणि थांब्यांवरच्या रांगा वाढल्या. म्हणजे नुसत्या किलोमीटरवर विसंबून चालणार नाही, आणि गाडी-चालक दोन्ही परक्या हाती देऊन तर नाहीच. पैसे ठरलेल्या वेळेला झालेल्या फेरीचे द्यायचे, रद्द झालेल्या फेरीचे कापायचे आणि कोणत्या गावाची कोणती फेरी किती दिवस आली नाही याची यादी दर महिन्याला त्या गावाच्या ग्रामपंचायतीत लावायची. गाडी कुठून कुठे गेली हे आज जीपीएसवरून कळते. फेरी झाली की नाही हा वादाचा विषय राहिलेला नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. मुंबईची मेट्रो ३ ही साडेतेहतीस किलोमीटरची एकच मार्गिका, तिला ३७ हजार कोटींहून जास्त खर्च आला. ती तोट्यात की फायद्यात, असे तिच्या उद्घाटनाच्या दिवशी कोणी विचारले नाही आणि विचारूही नये. मुंबईला तिची गरज होती. ती भांडवली गुंतवणूक आहे आणि एसटीची तूट हा दरवर्षीचा खर्च आहे, दोन्हींची सरळ तुलना होत नाही, हेही मान्य. पण दहा हजार कोटींचा संचित तोटा कित्येक वर्षांचा मिळून झाला आहे आणि तेवढ्या वर्षांत एसटीने रोज लाखो माणसे राज्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचवली आहेत. कोविडनंतरच्या पडत्या काळातही रोजचे प्रवासी पन्नास लाखांच्या वर आहेत. यातला बहुतेक माणूस असा आहे की ज्याच्या गावाला मेट्रो कधीच जाणार नाही. त्याच्या वाट्याला राज्याच्या वाहतूक खर्चातले काय यावे, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या मेट्रोइतक्याच गांभीर्याने विधिमंडळात यायला नको का?

एसटीने २,६४० नव्या साध्या गाड्या घ्यायचे ठरवले, ही अलीकडच्या काळातली सर्वांत चांगली बातमी. त्यातली किती गाडी आतल्या गावांच्या नियतांवर लागते यावर माझे लक्ष आहे, कारण नवी गाडी आली की ती आधी लांब पल्ल्याच्या मार्गाला जाते आणि गावाला तिथून उतरलेली जुनी मिळते. ही वाटणी आगाराच्या पातळीवर होते, तिला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. म्हणून सुरुवातही आगारापासून करता येईल. राज्यात अशी सुमारे अडीचशे आगारे आहेत. जून महिन्यात शाळा उघडण्याआधी प्रत्येक आगाराने कोविडपूर्वी चालू असलेल्या आणि आज बंद असलेल्या फेऱ्यांची गाववार यादी काढावी, तालुक्यातल्या शाळा-कॉलेजांकडून मुलामुलींच्या गावांची यादी घ्यावी आणि दोन्ही शेजारी ठेवाव्यात. ज्या गावांची नावे दोन्हीकडे येतील, त्या गावांच्या फेऱ्यांचा खर्च पहिल्यांदा मागावा. आणि आमदारांनी आपल्या मतदारसंघातली ही यादी पावसाळी अधिवेशनात सभागृहासमोर ठेवावी.